जाळीतून आलेला माल

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला लटकणारं वजन. भिंत सरळ उभी आहे की कुठे कललीय, ते त्यावरून कळतं. हे नाव त्याला कामावरच्या माणसांनी ठेवलं आणि मग ते घरात कधी शिरलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्यासुद्धा चिडल्या की म्हणायच्या, "ओळंबा आज कुठे लोंबतोय, बघा जरा." तो दिसायलाही तसाच होता. उंच, सडपातळ, आणि चालताना पाऊल असं टाकायचा की जमीन सपाट आहे की नाही याची खात्री करून घेतोय असं वाटावं.

तो गिलावा करायचा. वीटकाम येत असूनही त्याला हात लावायचा नाही. "विटा काय, कोणीही रचतो. हाडं झाकायला माणूस लागतो," असं त्याचं म्हणणं. कोणाच्याही घरी गेला की बसण्याआधी भिंतीवरून तळवा फिरवायचा. घरातल्या माणसाने पाणी आणून देईपर्यंत तिथला गिलावा घाईत झालाय की सवडीने, हे याने ताडलेलं असे, आणि ते बोलूनही टाकलेलं असे. बहिणीचं लग्न ठरवायला तो आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा माझ्याशी चार शब्द बोलला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, "मुलगा सरळ आहे. या भिंतीला मात्र पोट आलंय." वडिलांनी त्या भिंतीपुढे कपाट आणून ठेवलं, पण त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

त्याच्या कामातली एक गोष्ट इथे आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब जिथे एकमेकांना भेटतात तिथे काही काळाने गिलाव्याला भेग पडते. दोघांचा स्वभाव वेगळा. ऊन लागलं की एक जास्त फुगतो, एक कमी. म्हणून त्या सांध्यावर आधी तारेची जाळी ठोकतात आणि मग तिच्यावर माल मारतात. माल म्हणजे कालवलेलं सिमेंट आणि वाळू. ओळंबा हा माल थापीने असा फेकायचा की चापट मारल्यासारखा आवाज यायचा. नवीन माणसाने तो हळूच फासला की त्याची खैर नसे. "लोणी लावतोयस का? माल जाळीच्या आरपार गेला पाहिजे. मागे जाऊन त्याने जाळीला मिठी मारली पाहिजे. वरवर बसला तो पोपडा, आरपार गेला तो गिलावा." पहिला थर गुळगुळीत केलेलाही त्याला चालत नसे. तो खरवडून ठेवायचा. खडबडीत अंगावरच पुढचा थर बसतो. मग काही दिवस भिंतीवर पाणी मारायचं, ती आतून पक्की होईपर्यंत. आणि पक्की झाली की पाणी बंद. एखाद्या घरमालकाने हौसेने पुढेही नळी धरली तर ओळंबा विचारायचा, "भिंत आहे ती, झाड नाही. किती दिवस पाणी घालणार?"

त्याचा जोडीदार होता एक गवंडी. अंगाने काडी, म्हणून त्याला पैलवान म्हणत. दोघांनी मिळून एवढ्या इमारतींवर काम केलं होतं की बांबूच्या परांचीवर त्यांना एकमेकांशी बोलावंही लागत नसे. तरी पैलवान बोलायचा. त्याच्या बोलण्याला खंड नसे, आणि ओळंब्याच्या हातालाही नसे.

दुखण्याची पहिली खबर पैलवानानेच आणली. एका दुपारी तो ओळंब्याला दंडाला धरून घरी घेऊन आला. मी आणि माझी बायको योगायोगाने तिथेच होतो.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," ओळंबा म्हणाला. "छातीवर कोणीतरी भरलेलं घमेलं ठेवल्यासारखं वाटलं. उतरवलं आता."

"काही नाही म्हणे!" पैलवान म्हणाला. "वहिनी, आठ दिवस झाले, हा परांचीच्या बांबूला मिठी मारून उभा राहतोय. मी विचारलं की म्हणतो, बांबू मजबूत आहे का बघतोय. आज बांबूशी बोलायला लागला, तेव्हा म्हटलं आता घरी नेऊन घालावा."

"तुझ्याशी बोलण्यापेक्षा बांबू बरा," ओळंबा म्हणाला, पण त्याच्या ओठांना रंग नव्हता.

माझं आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं, त्यामुळे कागद, तारखा, रांगा असलं काही निघालं की घरचे माझ्याकडे बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हृदयाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. वहिनी सोबत होत्या. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी एका जागी बरीच अरुंद झालीय, तिथे स्टेंट, म्हणजे नळी आतून उघडी धरणारी बारीक जाळी, घालावी लागेल. डॉक्टर तरुण होते, चपळ होते, आणि चांगले होते, हे मी आजही म्हणतो. पेशंटला समजेल असं बोलावं, अशी त्यांची धडपड असायची.

"नेहमीच्या तपासणीत आम्हाला रक्ताची फक्त सावली दिसते," ते म्हणाले. "नळी कुठे बारीक झालीय ते कळतं, पण तिची भिंत कशाने बनलीय ते कळत नाही. म्हणून मी केसासारखी एक तार आत घालणार आहे. तिच्या टोकाला उजेड असतो. ती आतल्या भिंतीचे फोटो काढते."

"म्हणजे आतून तळवा फिरवता," ओळंबा म्हणाला.

"अगदी तसंच," डॉक्टर हसले.

"मग हरकत नाही. फक्त तार डाव्या मनगटातून घाला. उजवा पोटापाण्याचा आहे."

ते काम अर्ध्यावर असताना मला आणि वहिनींना काचेच्या अलीकडच्या खोलीत बोलावलं. पलीकडे टेबलावर हिरव्या कापडाखाली ओळंबा जागाच होता. त्याचे लांब पाय टेबलाबाहेर आले होते. पडद्यासमोर एक बाई बसल्या होत्या. आतले फोटो वाचणं हे त्यांचं काम. स्टेंट घालण्याच्या आधीच फोटो बघून पुढे काय होईल ते ओळखता येतं का, यावर त्यांचा अभ्यास चालू होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पडद्यावर एक गोल दिसत होता, झाडाचं खोड कापल्यावर दिसतो तसा, आणि त्याच्या एका बाजूला गडद, कडा पुसट असलेला डाग.

"ही चरबी आहे," बाई म्हणाल्या. "मऊ आहे, आणि भरपूर आहे. वरचा पापुद्रा अगदी पातळ. जाळी इथे फुगवली की ही दाबली जाणार आणि जाळीच्या फटींतून आत येणार. बहुतेक नक्की."

"मग जाळी नका घालू," वहिनी म्हणाल्या.

"नाही घातली तर नळी बंद व्हायची वाट बघत बसावं लागेल," डॉक्टर काचेपलीकडून ध्वनिक्षेपकावर म्हणाले. "दुसऱ्या कोणत्याही जागेपेक्षा इथे तिची गरज जास्त आहे. आत जे येईल त्याकडे आपण लक्ष ठेवू."

मी संमतीच्या कागदावर सही केली. वहिनींनी काचेला हात लावून पलीकडे पाहिलं आणि आम्ही बाहेर आलो.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. डॉक्टर ते सांगायला दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंब्याच्या खाटेपाशी आले. बाईही सोबत होत्या, हातात फोटोचा कागद घेऊन. ओळंबा उशीला टेकून बसला होता आणि समोरच्या भिंतीकडे नापसंतीने बघत होता.

"काय काम करता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"गिलावा."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "अरे वा! मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. तुम्ही गिलाव्याखाली तारेची जाळी मारता ना?"

"सांध्यावर मारतो."

"तशीच ही जाळी. हे बघा, हे चमकणारे ठिपके म्हणजे तिच्या तारा. आणि हे जे गोळ्यासारखं दिसतंय ना, तो जाळीच्या फटीतून आत आलेला माल."

ओळंब्याने कागद हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. "आरपार आलाय?"

"आलाय. बाईंनी आधीच सांगितलं होतं."

"मग बरं झालं," ओळंबा म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं, माणूस धीराचा आहे. ते म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. बहुतेकांचं हे हळूहळू बसून जातं, त्याच्यावर नवीन थर चढतो. पण या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आहेत त्या वर्षभर घ्यायच्या. एकही दिवस चुकवायचा नाही."

"थर बसेपर्यंत."

"थर बसेपर्यंत, आणि त्याच्या पुढेही," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात त्यांना कोणीतरी बोलावलं आणि ते गेले.

बाई मागे थांबल्या. त्यांना काहीतरी खटकत होतं. "काका, मला याचा आकार तितकासा आवडलेला नाही," त्या म्हणाल्या. "कड खडबडीत आहे. अशा कडेवर गुठळी बसायला वेळ लागत नाही. गोळ्या सांभाळा."

"खडबडीत असलं तरच वर काही बसतं, बाई," ओळंबा समजावणीच्या सुरात म्हणाला.

त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. वहिनी हसल्या, मीही हसलो. ओळंबा हसला नाही, पण तो कामाविषयी बोलताना कधीच हसत नसे, म्हणून त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

घरी आल्यावर त्याची तब्येत झपाट्याने सुधारली. जिना चढताना पूर्वी मधल्या वळणावर थांबायचा, ते बंद झालं. जो भेटायला येईल त्याला तो छातीवर बोट ठेवून सांगायचा, "इथे जाळी मारलीय. माल आरपार गेलाय. डॉक्टरांनी फोटो दाखवला." माझी बायको दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकायची आणि म्हणायची, "दादाला बघून वाटतं का, हा आजारी होता म्हणून?" पैलवानाने तर कामावर जाहीर करून टाकलं, "आता ओळंब्याला भेग नाही पडायची. आतून गिलावा केलाय."

डॉक्टरांच्या परवानगीने तो कामावर जाऊ लागला. सुरुवातीला खालच्या भिंती, मग हळूहळू वरच्या. आणि तिथे गोळ्यांनी त्याला छळायला सुरुवात केली.

सिमेंटच्या कामात बोटांना चिरा पडतात. त्याच्या बोटांना त्या वर्षानुवर्षं होत्या. रक्ताचा ठिपका यायचा, तो पँटला पुसायचा, संपलं. आता रक्त थांबेना. चिंध्या बांधून काम करावं तर बोटांना भिंत कळेना. चिंधी काढावी तर शेवटच्या, पांढऱ्या सिमेंटच्या ताज्या थरावर लाल बोटं उमटायची. एकदा एका मोठ्या दिवाणखान्याची भिंत त्याने पुरी केली आणि ठेकेदार बघायला आला. भिंतीवर कडेकडेने लालसर पुसट डाग होते.

"मालकाने पांढरा सांगितलाय हो," ठेकेदार म्हणाला. "गुलाबी आम्ही नंतर देऊ, रंगवाल्याकडून."

सगळे हसले. ओळंब्याने तो थर स्वतःच्या हाताने खरवडून काढला. पण पुन्हा करताना पुन्हा डाग आले. शेवटी ठेकेदाराने ती भिंत दुसऱ्याकडून करून घेतली. पैलवान सांगतो, त्या दिवशी ओळंबा डबा न उघडता घरी गेला. त्याची भिंत दुसऱ्याने केली असं त्याच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

संध्याकाळी वहिनींनी नेहमीसारखी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. तो म्हणाला, "राहू दे. झालं तिचं काम."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टरच म्हणाले होते. थर बसेपर्यंत घ्यायची. माल आरपार गेलाय, त्याच्यावर थर चढलाय, म्हणून तर मी आता जिना न थांबता चढतो. पक्की झालेली भिंत आहे. तिला किती दिवस पाणी घालणार?"

"पण त्यांनी वर्षभर म्हटलं होतं."

"ते सगळ्यांना तसंच सांगतात. आम्ही नाही का दुप्पट दिवस सांगत, मालकाने निम्मं तरी ऐकावं म्हणून?"

भिंतीला पाणी घालण्याचं ते वाक्य वहिनींनी लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. त्या घरात भिंतीच्या बाबतीत ओळंब्याचा शब्द शेवटचा होता, आणि ही भिंतीचीच गोष्ट आहे असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी उरलेल्या गोळ्या फेकल्या नाहीत, कपाटात ठेवल्या. बोटांचं रक्त काही दिवसांत थांबायला लागलं. ठेकेदाराने पुन्हा त्याला दर्शनी भिंती द्यायला सुरुवात केली. घरात सगळे आनंदात होते. आम्हाला यातलं काही कळलं नाही. कळायला हवं तेव्हा विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण माणूस ठणठणीत दिसत होता.

मग तो दिवस आला. एका नव्या इमारतीच्या जिन्याच्या भिंती चालल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. ओळंबा थापी हातात घेऊन पायरीवर बसला.

"घमेलं परत ठेवलं रे कोणीतरी," तो म्हणाला.

पैलवानाला लगेच कळलं. "चल, उठ. गाडी बोलावतो."

"थांब. एवढा माल संपवू दे. कालवलेला आहे, दगड होईल."

आता हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. मलाही पैलवानाचा फार राग आला होता. पण जो माणूस जन्मभर कालवलेल्या मालाच्या मागे धावला त्याला ते घमेलं तसंच टाकून उठता येत नाही, आणि त्याच्या जोडीदारालाही ते चूक वाटत नाही. पैलवानाने काय केलं असेल? त्याने दुसरी थापी उचलली आणि लवकर संपावं म्हणून स्वतःही माल मारायला लागला. दोघांनी मिळून घमेलं रिकामं केलं. ओळंब्याने बसल्या बसल्या हात पोचेल तिथपर्यंतची भिंत सारखी केली. मग तो कुशीवर कलला. पैलवान म्हणतो, "भिंतीवर नाही पडला. ओली होती ना, दुसऱ्या बाजूला पडला."

दवाखान्यात पोचेपर्यंत बराच वेळ गेला होता. नळी जाळीपाशीच बंद झाली होती. डॉक्टरांनी ती पुन्हा उघडली. बाहेर आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात चुरगाळली. "जीव वाचलाय," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि ते पुरेसं नाही हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दोन-तीन दिवसांनी ओळंब्याला बोलता यायला लागलं तेव्हा डॉक्टर खाटेपाशी आले. बाईही होत्या. वहिनी पायथ्याशी उभ्या होत्या आणि मी खिडकीपाशी.

"गोळ्या बंद केल्या होत्या तुम्ही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा होता, पण तो दाबून ठेवला होता. "कोणी सांगितलं बंद करायला?"

"तुम्हीच," ओळंबा म्हणाला.

"मी?"

"माल आरपार आला म्हणालात. आरपार आला की जाळी धरते. वर थर बसेपर्यंत पाणी मारायचं, मग कशाला? जाळीचं तुम्हीच सांगितलंत, साहेब. मी कुठे स्वतःच्या मनाचं केलं?"

डॉक्टरांनी एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातला कागद छातीशी धरला होता. मला वाटतं, त्या खोलीत प्रत्येकाला एकाच वेळी कळलं.

"आत आलेला माल चांगला नव्हता," डॉक्टर शेवटी म्हणाले. "तो यायला नको होता. त्याच्यावर रक्त साखळलं. मी तुम्हाला सोपं करून सांगायला गेलो."

"नाही, तुमचंही बरोबर होतं," ओळंबा थकलेल्या आवाजात म्हणाला. "भिंतीचं तसंच असतं."

"खडबडीत आहे म्हणाले होते मी," बाई हळूच म्हणाल्या. त्या कोणाशी बोलत नव्हत्या. "आणि हसले."

वहिनींनी चादर उगाच सारखी केली.

तो घरी आला, पण घरी आला तो दुसराच माणूस. हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. खाटेवरून दारापर्यंत गेला की भिंतीला धरून थांबायचा. संध्याकाळी पाय सुजायचे. रात्री आडवं झोपलं की गुदमरायचा, म्हणून उशा एकावर एक रचून तो बसूनच झोपायचा. गोळ्यांचे रंग आता वहिनींना तोंडपाठ होते. तो कुरकुर न करता सगळ्या घ्यायचा. बोटांवरच्या चिरा भरून आल्या. हात मऊ पडले. दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या त्याच्या मुलाने येऊन महिनाभर मुक्काम केला आणि तो परत जाताना ओळंबा त्याला म्हणाला, "आता लगेच येऊ नकोस. सुट्ट्या शिल्लक ठेव." मुलाला काय कळायचं ते कळलं.

ठेकेदार भला माणूस निघाला. त्याने निरोप पाठवला, की परांचीवर चढू नका, नुसतं खुर्ची टाकून बसा आणि माणसांवर लक्ष ठेवा. ओळंबा एकदा गेला. पैलवान त्याला घेऊन गेला आणि मीही होतो. तळमजल्यावर त्याला खुर्ची दिली. काम वरच्या मजल्यांवर होतं. माल मारल्याचे आवाज वरून येत होते, आणि प्रत्येक आवाजाला तो मान किंचित हलवायचा. कुठला चांगला बसला, कुठला नाही, ते त्याला खालूनही कळत होतं. पण वर जाऊन सांगणार कसा? थोड्या वेळाने एकेक जण खाली येऊन अदबीने विचारू लागला, "मिस्त्री, पाणी आणू?" "मिस्त्री, उन्हात तर नाही ना?" एकानेही त्याला ओळंबा म्हटलं नाही. पैलवानसुद्धा गप्प होता.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "भाऊजी, पुन्हा नको न्यायला. फार मान देतात."

त्यानंतर एकच आशा उरली होती, आणि ती माझ्या बायकोने धरून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले होते की काही महिने औषधं देऊन पुन्हा एकदा आत तार घालून बघू. नळीत कुठे अडथळा राहिला असेल तर तो काढता येईल, थोडी ताकद परत येईल. माझी बायको रोज ते बोलून दाखवायची. "अडथळा असेल, दादा. बघ तू. अडथळा असला की काढतील." अडथळा निघावा म्हणून प्रार्थना करणारी बहीण मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण तिचं गणित बरोबर होतं. काढण्यासारखं काही सापडलं तरच काही करता येणार होतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. तार घालून झाली. डॉक्टर दुसऱ्या तातडीच्या पेशंटकडे गेले होते. संध्याकाळी सविस्तर बोलतो, असा त्यांचा निरोप होता. ओळंब्याला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं तेव्हा काचेच्या खोलीत बाई एकट्याच पडद्यासमोर होत्या. त्याने खुर्ची तिथे थांबवायला सांगितली.

"बाई, मागे तुम्ही आधीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला समजलं नाही. आता नीट सांगा."

"काका, डॉक्टर सांगतील संध्याकाळी."

"ते चांगले आहेत. पण ते सोपं करून सांगतात."

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. ओळंबा म्हणाला, "हिला बाहेर पाठवू?"

"मी कुठे जात नाही," वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीची मूठ घट्ट धरली.

बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. तोच खोडासारखा गोल, पण आता आतली कड अखंड, एकसारखी. "जाळी छान बसलीय," त्या म्हणाल्या. "आत आलेलं होतं ते सगळं गेलं. वर पातळ, सारखा थर आलाय. कुठे अडथळा नाही, कुठे खडबडीत नाही. शिकणाऱ्या मुलांना दाखवावा इतका चांगला फोटो आहे."

"गुळगुळीत आहे," ओळंबा म्हणाला.

"हो."

"म्हणजे काढण्यासारखं काही नाही."

"नाही."

"मग मला दम का लागतो?"

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "काका, मी उदाहरण देत नाही. सरळ सांगते. हृदयाचा जो भाग या नळीवर जगत होता, तो त्या दिवशी मेला. नळी आता चांगली आहे, पण ती त्याला परत आणू शकत नाही. उरलेला भाग त्याचंही काम ओढतोय. तो थकत चाललाय."

"किती ओढेल?"

"ते फोटोत दिसत नाही."

"पण तुम्हाला अंदाज असतो."

त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. ओळंब्याने त्यांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं," आणि वहिनींना खुर्ची ढकलायची खूण केली.

संध्याकाळी डॉक्टर भेटले. त्यांनीही तेच सांगितलं, जास्त शब्दांत.

घरी पोचलो तेव्हा माझी बायको दारातच उभी होती. ओळंब्याला जिना चढवायला फार वेळ लागला. खाली वाट बघत थांबलेला पैलवान आणि मी दोन्ही बाजूंनी होतो. तो आत येऊन खाटेच्या कडेला बसेपर्यंतही तिला धीर नव्हता.

"काय म्हणाले? सापडलं का काही?"

वहिनी पिशवी खुंटीला अडकवत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जाळी छान बसलीय म्हणाल्या बाई. एकदम गुळगुळीत. शिकणाऱ्या मुलांना दाखवण्याइतकी."

"बघ!" माझी बायको आनंदाने ओरडली. "बघ दादा, मी म्हणत नव्हते? मग झालं तर! आता फक्त अंगात ताकद यायला हवी. थांबा, मी आधी चहा ठेवते." आणि ती स्वयंपाकघरातून बोलतच राहिली, की आता थंडी संपली की दादा खाली फिरायला जाईल, मग हळूहळू कामावर, निदान लहानसहान कामं तरी, आणि पैलवानाने त्याला उगाच उंचावर चढवू नये.

"नाही चढवत, ताई," पैलवान म्हणाला.

ओळंबा खाटेची कड धरून बसला होता. जिन्याने लागलेला दम अजून खाली बसला नव्हता. वहिनी त्याच्या पायाशी बसून त्याचे बूट काढत होत्या. पाय इतके सुजले होते की बूट निघत नव्हते. त्यांनी नाड्या पूर्ण सोडल्या आणि परत ओढून पाहिलं.